ट्रॅक्शन लावून झोपू नका

मानेचा ट्रॅक्शनचा, म्हणजे मानेला ओढ देणारा, पट्टा रात्रभर लावून झोपलं की मणके मोकळे होतात, असं एकानं लिहिलंय. आराम पडतो हे खरं, पण झोपेत नको. सांगलीत विश्रामबागला फिजिओथेरपीला जायचो, तिथं १५-२० मिनिटांच्या वर कधी ठेवलं नाही. मी शहाणा, घरी दारावर अडकवायचा, वजनाला पाण्याची पिशवी असलेला ट्रॅक्शनचा संच आणला आणि दाराकडे पाठ करून बसलो. चार दिवसांत जबडा ठणकायला लागला! फिजिओथेरपीच्या बाईंनी दाराकडे तोंड करून बसवलं. मान जराशी पुढं झुकली की नसांच्या वाटा रुंदावतात, मागं गेली की आवळतात. बसून ओढ घेताना डोक्याचंच ४-५ किलो वजन आधी पेलावं लागतं, त्यामुळं आडवं होऊन कमी वजनात भागतं.

हातातल्या वस्तू निसटत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर आधी डॉक्टर, पट्टा नंतर.