जुने रूप, पण कोणत्या कामासाठी?

'जुने नाव आणि जुना चेहरा दिला की गाडी खपतेच' असे मत जुन्या गाड्या नव्या रूपात आणण्याबद्दल मांडले जाते; मला ते अर्धेच पटते. फोक्सवॅगनच्या मूळ बीटल गाडीचे इंजिन मागे होते आणि तिचा गोल आकार त्या रचनेला साजेसा होता. १९९७ साली आलेल्या न्यू बीटलने तो आकार घेतला खरा, पण खाली फोक्सवॅगनच्याच गोल्फ या गाडीचा सांगाडा आणि पुढे इंजिन असल्यामुळे चालकासमोर अवाढव्य लांबीचा डॅशबोर्ड पसरला, तर मागे बसणाऱ्याचे डोके छताला टेकू लागले. डॅशबोर्डवरची छोटी फुलदाणी मात्र कौतुकाचा विषय ठरली. (गाडीत फुलदाणी कशाला, हा प्रश्न मला आजही पडतो.)

याउलट २०२४ची विजेवरची रेनो ५ पाहावी. १९७२च्या मूळ गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेसाठी जाळी होती; नव्या गाडीत नेमक्या त्याच जागी बॅटरी किती भरली आहे हे दाखवणारे दिवे बसवले आहेत, म्हणजे जुन्या खुणेला नवे काम मिळाले आहे.

पूर्वी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी पुन्हा आणावी अशीही सूचना होते; तिचा विचारही याच अंगाने व्हावा असे वाटते. जुन्या दिवे-जाळीची नक्कल कोणीही करील. परंतु टपावरच्या कॅरियरवर सामान लादून कुटुंब नेणारी आणि नाक्यावरच्या मेकॅनिककडून दुरुस्त होणारी गाडी आजच्या नियमांत कशी बसवायची, हे कोणी मांडले तर वाचायला आवडेल.