मदत हवी आहे: मालदीवमध्ये एक दिवसाचा डे पास, स्नॉर्केलिंग किनाऱ्यावरूनच हवं, बोट नको

रंकाळ्याकाठी (सोमवार, रात्री ९.४०)

तातडीनं मदत हवी आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालदीवला चाललोय. तिथल्या माफुशी बेटावर गेस्ट हाऊस बुक झालंय, विमानाची तिकिटंही झालीत. त्यातला एक दिवस जवळच्या एखाद्या रिसॉर्टचा 'ऑल इन्क्लुझिव्ह' डे पास घ्यायचाय. सकाळी जायचं, जेवणखाण, खुर्च्या, शॉवर सगळं त्यात, संध्याकाळी परत. अट एकच: किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून, मास्क आणि श्वासाची नळी लावून मासे दिसले पाहिजेत. बोटीतून उतरवतात तसलं स्नॉर्केलिंग नको.

एजंटानं तीन बेटं सुचवलीत. तिन्हींच्या फोटोत तेच निळं पाणी आणि तोच झोका. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरा नाहीतर दर वाढेल म्हणतो. डे पासवर कुणी गेलं असेल तर कसं बेट निवडायचं तेवढं सांगा. मालदीव महाग आहे हे माहीत आहे, ते नका सांगू.

गंगावेस कट्टा (रात्री ९.५२)

भावा, एवढ्या लांब कशाला? मालवणला जा की. पहाटे निघायचं, गगनबावड्यात चहा, जेवायला मालवणात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडकात स्नॉर्केलिंग करवतात, जॅकेट देतात, सोबत माणूस असतो. गेल्या जानेवारीत पोरांना नेलं होतं, पोरं अजून त्याचंच बोलतात.

रंकाळ्याकाठी (रात्री ९.५५)

तिकिटं झालीत हो. आणि मालवणलाही होडीतूनच पाण्यात उतरवतात ना? तेच नको आहे.

चिवला किनारा (रात्री १०.०५)

मी मालवणचा. होडी म्हणजे किती, दहा मिनिटं. किल्ल्याजवळ नांगर टाकतात, शिडी लावतात, दोरी धरून उतरायचं. आमच्याकडे प्रवाळ आहे, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत पाणी निवळलेलं असतं. लोक घराजवळचं न बघता परदेशी जातात, याचं मनापासून वाईट वाटतं.

खारा वारा (रात्री १०.११)

चिवला, मालवण मलाही प्रिय आहे, पण पाण्याची तुलना नको. आपल्या किनाऱ्याला नद्यांचा गाळ येतो. मालदीवच्या बेटांवर नद्याच नाहीत, म्हणून तिथं पाणी एवढं नितळ. आणि विचारणाऱ्यानं मालवण विचारलेलंच नाही.

रंकाळ्याकाठी, तुम्ही अर्धी माहिती दिलीच नाही. किती जण आहात? वयं काय? पोहता कुणाला येतं? चष्मा कुणाला? परतीचं विमान कधी? आणि बोट नको म्हणजे नेमकं का नको?

सागरफेणी (रात्री १०.१४)

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून आदल्या रात्री गोळी घ्या. माझ्या सासूबाईंना अंदमानला तसंच झालं होतं, गोळीनं छान फरक पडला. नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाईलमध्ये बघायचं नाही. आलेपाक जवळ ठेवा.

रंकाळ्याकाठी (रात्री १०.२०)

तिघं आहोत. मी, आई, बाबा. आई ६२, बाबा ६७. बाबा पट्टीचे पोहणारे, मला जेमतेम येतं, आईला अजिबात नाही. आईला चष्मा आहे. परतीचं विमान पाचव्या दिवशी सकाळी. बोट लागत नाही कुणाला. आणि गंगावेस, भावा नाही, ताई म्हणा.

गंगावेस कट्टा (रात्री १०.२२)

सॉरी ताई. ६२ वर्षांच्या आईला समुद्रात घालताय, हे मात्र मला पटत नाही.

पंचगंगा घाट (रात्री १०.३१)

का पटत नाही? कोल्हापुरात म्हातारी माणसं रोज पहाटे नदीला जातात. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो. वीरधवल खाडे याच गावचा, २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला गेला. पाण्याला भ्यायचं नसतं, पाण्याची रीत शिकायची असते. काकूंना आधी इथंच अंबाई टँकला घेऊन जा. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून मास्क लावा, तोंड पाण्यात घालून नळीनं श्वास घ्यायला लावा. नाक बंद ठेवून तोंडानं श्वास घेणं मनाला पटायला दोन-तीन दिवस लागतात. मालदीवच्या महागड्या दिवसातले दोन तास त्यात घालवू नका.

शिवाजी पेठ ७७ (रात्री १०.४०)

डे पास शेवटच्या दिवशी घेऊ नका. पाण्याखाली गेल्यावर २४ तास विमानात बसता येत नाही. माझ्या मित्राला तिथल्या माणसांनी स्पष्ट सांगितलं होतं.

खारा वारा (रात्री १०.४४)

ते स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून खोल जातात त्याला. स्कूबात दाबाखालची हवा श्वासात जाते, नायट्रोजन अंगात विरघळतो, म्हणून विमानाआधी थांबावं लागतं. स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पृष्ठभागावरचीच हवा घेता. परत येऊन त्याच दिवशी विमान पकडलं तरी चालतं.

शिवाजी पेठ ७७ (रात्री १०.४९)

सावध राहिलेलं काय वाईट?

खारा वारा (रात्री १०.५२)

सावध राहायलाच हवं, पण चुकीच्या कारणानं त्यांचा एक दिवस जायला नको.

आता मूळ प्रश्न. मी दोनदा गेलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. मालदीवच्या बेटाभोवती आधी पांढऱ्या वाळूचं उथळ पाणी असतं, लगून म्हणतात ते. मग प्रवाळाचं कडं, आणि कड्याच्या पलीकडे एकदम खोल. फोटोत सुंदर दिसतं ते लगून, पण नुसत्या वाळूत मासे फारसे नसतात. मासे प्रवाळापाशी. काही बेटांवर हे कडं किनाऱ्यापासून पंचवीस-तीस मीटरवर आहे, काहींवर तीनशे मीटर लांब. लांब असेल तर किनाऱ्यावरून स्नॉर्केलिंग हे नुसतं नावाला.

आणि पोहता न येणाऱ्यासाठी कड्याची बाहेरची बाजू चालणारच नाही, पायाखालचा तळ अचानक नाहीसा होतो. काकूंना हवेत ते लगूनच्या आत, छातीएवढ्या पाण्यात असलेले प्रवाळाचे छोटे ठिपके. एजंटाचे फोटो बाजूला ठेवा, नकाशात उपग्रहाचं चित्र उघडा. फिकट निळं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ, गडद निळं म्हणजे खोल. फिकट निळ्यात सुटे तपकिरी ठिपके दिसतात का बघा आणि किनाऱ्यापासून अंतर मोजा.

आणि दराशेजारी अधिकची दोन चिन्हं असतील तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर पर्यटन जीएसटी वेगळा. जुलै २०२५ पासून तो १७ टक्के आहे. म्हणजे शंभर डॉलरचे जवळजवळ १२९ होतात. मास्क-फिन्स आणि स्पीडबोटीचं भाडं त्यात धरलंय का, हेही लेखी घ्या.

कसबा बावडा (रात्री ११.०३)

स्पीडबोटीवरून आठवलं. ताई, बोट नको म्हणताय, पण माफुशीहून रिसॉर्टच्या बेटावर जाणार कसं? पूल नाही तिथं. डे पासवाले स्पीडबोटीनंच नेतात. आणि विमानतळावरून माफुशीला?

रंकाळ्याकाठी (रात्री ११.१५)

माफुशीला राजधानी मालेहून सरकारी फेरीबोटीनं जाणार, ती मोठी आणि संथ असते. विमानतळावरून मालेला पुलावरून बस आहे. पण डे पासची बोट... हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एजंट 'ट्रान्स्फर' म्हणाला, मी ऐकून सोडून दिलं.

कारण सांगते. आईच्या मणक्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. सहा महिने अंथरुणावर होती. तेव्हा बाबांनी हॉलमधल्या माशांच्या टाकीसमोर तिचा पलंग सरकवला होता. दिवसभर ती मासे बघायची, कुठला मासा कुठल्या वेळी कोपऱ्यात जाऊन बसतो ते आम्हाला सांगायची. अजूनही सकाळचा चहा टाकीसमोरच घेते. तिला एकदा मोकळ्या पाण्यातले मासे दाखवायचेत, एवढंच आहे. शिडीवरून चढणं-उतरणं तिला जमणार नाही, म्हणून होडीचं स्नॉर्केलिंग नको म्हटलं.

चिवला किनारा (रात्री ११.२१)

ताई, हे आधी सांगितलं असतं तर मी मालवणचा विषयच काढला नसता. स्पीडबोटीचं सांगतो, हा माझा रोजचा धंदा आहे. लाटेवर बोटीचं तोंड उचलतं आणि आदळतं. आदळ पुढच्या बाकांना बसतो, मागं इंजिनाजवळ सगळ्यात कमी. आईंना मागं बसवा, खाली जाड उशी द्या. सकाळची फेरी घ्या, वारा सहसा दुपारी वाढतो. आणि निघायच्या आधी टंडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, स्वतः जाऊन सांगा की बोटीत मणक्याचं पेशंट आहे. दर्यावरचा माणूस ऐकतो.

टाळी फिजिओ (रात्री ११.३४)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथं पेशंट न बघता हो किंवा नाही सांगणार नाही, सर्जनना विचाराच. पण दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. एक, बोटीचे हादरे चालतील का. दुसरा कुणी विचारत नाही: पाण्यावर पालथं तरंगलेलं चालेल का. लाइफ जॅकेट घालून पालथं झालं की छाती वर उचलली जाते आणि कंबर मागं वाकते. त्यापेक्षा पोटाखाली फोमची लांब नळी घेतली तर पाठ सरळ राहते. तेही चालत नसेल तर छातीएवढ्या पाण्यात उभं राहून चेहरा तेवढा पाण्यात. शेजारी कायम पोहणारा माणूस हवा. माझ्यासाठी बेट निवडण्यापेक्षा हे आधी.

पंचगंगा घाट (रात्री ११.४०)

मास्क मात्र स्वतःचा घ्या, काकूंच्या नंबरच्या काचा बसवलेला मिळतो. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर बसला. केसाची एक बट आत आली तरी पाणी शिरतं. काकांना मिशी आहे का?

रंकाळ्याकाठी (रात्री ११.४३)

आहे. चांगली झुपकेदार.

पंचगंगा घाट (रात्री ११.४५)

मग त्यांच्या मास्कमध्ये थोडं थोडं पाणी येत राहणार. मिशीवर व्हॅसलीन लावलं की बरंच थांबतं.

गोकुळ शिरगाव (रात्री ११.५८)

मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पाऊच घ्या. आधी आत टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवून बघा. माझा फोन गेला होता. बॅगेत दारूची बाटली नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. पूजेची मूर्तीही नको, तिथं नेऊ देत नाहीत.

कसबा बावडा (मंगळवार, सकाळी ७.१०)

ताई, आज पैसे भरू नका. 'उद्यापर्यंतच' म्हणणारा एजंट परवाही फोन करतो.

खारा वारा (सकाळी ८.२५)

सहमत. एजंटाला सोडा, तिन्ही रिसॉर्टना थेट मेल करा: प्रवाळ किनाऱ्यापासून किती मीटर, पोहता न येणाऱ्याला उभं राहता येईल असं ठिकाण आहे का, धक्क्यावर उतरताना किती पायऱ्या. उत्तर कसं येतं त्यावरूनच बेट कळेल. डिसेंबरचा हंगाम बरोबर निवडलात, तिकडचा कोरडा मोसम तेव्हाच सुरू होतो.

काकूंना सांगा, कान पाण्यात गेले की कुरकुर ऐकू येईल. पोपटमासा दातानं प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज. त्या बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी त्यानंच चावून बाहेर टाकलेली असते.

गंगावेस कट्टा (सकाळी ९.००)

ताई, काल बोललो ते मनावर घेऊ नका. काकूंना जेवायला काय लागतं? मार्गशीर्ष असेल.

रंकाळ्याकाठी (शुक्रवार, रात्री ८.१५)

सगळ्यांचे आभार. पैसे त्या दिवशी भरले नाहीत. एजंटाचा खरंच परवा फोन आला, दर तोच.

सर्जनना भेटलो. मोठ्या फेरीला हो, स्पीडबोटीला पंधरा मिनिटांच्या वर नाही, पालथं तरंगायला नाही. उभं राहून चेहरा पाण्यात घालायला हो, तोही थोडा थोडा वेळ, मान न ताणता.

एका रिसॉर्टनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्यानं पुन्हा झोक्याचेच फोटो पाठवले. तिसऱ्यानं हातानं खुणा केलेला नकाशा पाठवला: किनाऱ्यापासून वीस मीटरवर दोन ठिपके, भरतीलाही आईच्या छातीएवढं पाणी, धक्क्यावर तीन पायऱ्या आणि कठडा. माफुशीहून बोटीनं बारा मिनिटं. मास्क धरलेत, बोटीचं भाडं वेगळं. तेच घेतलंय, तिसऱ्या दिवसाचं. गंगावेस, मार्गशीर्षाचंही लिहिलं होतं, शाकाहारी जेवण देतो म्हणाले.

आज सकाळी आईला टँकवर नेलं. पहिल्यांदा दोन सेकंदांत तोंड वर काढलं. चौथ्यांदा मी मोजत होते, चाळीसपर्यंत गेले तरी ती वर येईना. घाबरून खांद्याला हात लावला, तर तिनं पाण्यातूनच माझा हात बाजूला केला. वर आल्यावर म्हणाली, तळाच्या फरशीवर कुणाचं तरी पैंजण पडलंय, बाबांना काढायला सांग.

बाबांनी काढून दिलं.

शिवाजी पेठ ७७ (रात्री ८.३१)

मस्त! नंबरचा मास्क कोल्हापुरात कुठं मिळाला ते सांगा, मलाही हवाय.

सातवे गल्ली (रात्री ८.५०)

इथंच विचारतो, नवीन धागा काढत नाही. पुढच्या रविवारी मालवणला जायचंय, फोंडा घाटानं बरं पडेल की गगनबावड्यानं? दहा वर्षांचा मुलगा आहे, त्यालाही मासे बघायचेत.

चिवला किनारा (रात्री ८.५३)

या. मुलाला पोहता येतं का, ते आधी सांगा.