सीन गायब आहेत ते कॉम्प्रेशनमुळे नाही

'शाओलिन सॉकर' या कुंगफू-फुटबॉलच्या सिनेमाच्या नेटवरच्या फाइलमध्ये सीन गायब आहेत आणि चित्रही फाटतं, त्यावर 'फाइल लहान करायला कुणीतरी मधले सीन कापलेत' असं वर म्हटलंय, ते काही पटलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणं, सीन गाळत नाही, चित्रातले बारकावे गाळतं. तुमची फाइल दीड तासाच्या आत आटोपत असेल तर ती २००४ची अमेरिकन आवृत्ती. 'शाओलिन सॉकर' हाँगकाँगमध्ये २००१ साली आला तेव्हा पावणेदोन तासांच्या आसपास होता. कात्री वितरकाची, बिचाऱ्या अपलोड करणाऱ्याची नव्हे.

चित्र फाटण्याचा मुद्दा मात्र खरा. तेव्हा सिनेमा एका सीडीत, म्हणजे ७०० एमबीत कोंबायची पद्धत होती. पावणेदोन तासांना वाटून बघा, सेकंदाला हजार किलोबिटही हाती लागत नाहीत, त्यात परत आवाजाचा वाटा. दोघं बसून बोलतायत तोवर निभावतं, कारण एका फ्रेममधून दुसरीत फारसं बदलत नाही. पण गवत, धूर, ज्वाळा आणि पळता कॅमेरा एकदम आले की कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबणारं सॉफ्टवेअर, हात टेकतो, आणि या सिनेमात तर दर पाच मिनिटांनी तेच! मला चेंडू पेटतो तिथे नुसते केशरी चौकोन दिसायचे. पुढे डीव्हीडी मिळाली तेव्हा कळलं, मागे मैदानही उखडत असतं.