पहिलीच गिअरची गाडी, उंची ५ फूट १ इंच, रोज फलटण-बारामती: कुठली घेऊ?

फलटणची_पोर

नमस्कार मंडळी. जूनमध्ये १८ पूर्ण झाली आणि लगेच लर्निंग काढलं. कॉलेज बारामतीला, सध्या एसटीने जाऊनयेऊन करते. सकाळची गाडी मिळाली तर उभं राहून जायचं आणि प्रॅक्टिकल लांबलं की संध्याकाळची गेलेली असते, मग बसा स्टँडवर डास मारत. शेवटी पप्पा गाडीला हो म्हणाले, पण त्यांचं एकच, स्कूटी घे. मला गिअरचीच पाहिजे. तीसेक किलोमीटर जायचं तेवढंच यायचं, रस्ता मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर मला आवडते बाइक, बास.

घरी पप्पांची स्प्लेंडर आहे पण ती दोन्ही टायमाला दूध घालायला लागते त्यामुळे ती कॉलेजला मिळणार नाही. रोख ७०-७५ हजार आहेत, थोडं वर गेलं तर बघू म्हणालेत. डोक्यात असलेल्या गाड्या: शाइन १००, रायडर १२५, नाहीतर सेकंडहँड एफझी (मावसभावाच्या मित्राकडे एक आहे, २०१८ ची). आणि मनात हंटर ३५० पण तिचं नाव घरात काढलं तर आहे ती एसटी पण बंद होईल 😅

उंची ५ फूट १ इंच, वजन ४६. पाय टेकतील का हीच मोठी भीती. कुणी चालवत असेल तर सांगा प्लीज. "स्कूटीच घे" सोडून काहीही सांगा.

धुरळा_३५०

हंटर. विषय संपला. आज शंभर सीसी घेशील, सहा महिन्यात कंटाळशील, मग विकून दुसरी घेशील, त्यात तोटाच. पैसे एकदाच घालायचे, थांब वर्षभर पण नीट गाडी घे. हाईट बिईट काय नसतं, सवय होते.

गॅरेजवाला_बारामती

वरच्या भावाला राम राम, पण ताई तुम्ही त्याचं ऐकू नका.

नवीन शिकणारा गाडी पळताना कमी वेळा पडतो, उभ्या गाडीवरून जास्त पडतो. सिग्नलला थांबला, पाय टाकला तिथं खड्डा नाहीतर वाळू, गाडी थोडी कलली की संपलं. यू टर्न घेताना क्लच पटकन सुटला, गाडी बंद पडली, आडवी. पेट्रोल पंपावर तर रोजचं. अशा टायमाला गाडी सावरता येते का हे वजनावर आहे. हंटर १८१ किलोची आहे, म्हणजे सिमेंटची साडेतीन पोती, आणि तुमचं वजन ४६. शाइन १०० आहे ९९ किलो. स्प्लेंडर ११२ च्या आसपास. रायडर १२३. २०१८ ची एफझी १३२ च्या आसपास.

सीटची उंची म्हणाल तर कागदावर सगळ्या सारख्याच, शाइन ७८६ मिलिमीटर, स्प्लेंडर ७८५, रायडर ७८०, एफझी ७९०. पण नुसता आकडा बघून उपयोग नाही, सीट पुढं किती निमुळती आहे ते बघायचं. टाकी आणि सीट जिथं मिळतात तिथं गाडी रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढा पाय वर राहतो. शंभर सीसीच्या गाड्या तिथं बारीक असतात म्हणून बुटक्या माणसाला बऱ्या पडतात. दोन्ही पाय पूर्ण टेकले पाहिजेत असं काय नाही, डावा पूर्ण टेकला आणि उजवा ब्रेकवर राहिला तरी चालतंय. शोरूमला जाताना रोज घालता तीच चप्पल-बूट घालून जा, जाड सोल घालून बसाल आणि मग घरी आल्यावर कळेल.

आणि शिकायला पप्पांचीच स्प्लेंडर घ्या, नवीन गाडीवर शिकू नका. पडली तर क्लच लिव्हर नाहीतर इंडिकेटर, शे-दोनशेत काम. लेगगार्ड आहे ना? नसेल तर आधी टाकून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, स्प्लेंडरला चारही गिअर पुढं दाबून पडतात आणि एफझी, रायडरला पहिला खाली अन् बाकीचे वर उचलून. दोन गाड्या आलटून पालटून चालवल्या की सुरुवातीला घोळ होतो, टाकायला जाता वरचा आणि पडतो खालचा, गाडी गचका देते.

माणदेशी_बाई

अगं मस्त! मी शाळेवर बाइकनेच जाते, म्हसवडच्या बाजूला. माझी उंची तुझ्याएवढीच आहे, अर्धा इंच जास्त असेल फार तर. पाय टेकायचं सोड, ती भीती आठवड्यात जाते. मी तुला दोन वेगळ्याच गोष्टी सांगते ज्या पुरुष मंडळी सांगणार नाहीत.

पहिलं म्हणजे चेन. स्प्लेंडर, शाइन असल्या गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं. एफझीसारख्या गाड्यांची चेन बरीचशी उघडी. तू ड्रेस घालतेस ना कॉलेजला? मग ओढणी. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं होतं, गाडी नुकती हलली होती आणि मागून एका पोरानं हाक मारली म्हणून वाचल्या, नाहीतर गळ्यालाच फास. ओढणी सॅकमध्ये, सरळ. कमरेला बांधली, खांद्यावर पिन लावली असलं काही नको. साडी गार्ड पण काढून टाकू नकोस, पोरं गाडी "क्लीन" दिसावी म्हणून काढतात, आणि मागे बसलेल्या बाईला त्याचाच आधार असतो.

दुसरं म्हणजे गाडी मागे ढकलणं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये सगळ्यांनी खेटून लावलेल्या असतात, आणि उतार असला तर आपली गाडी चढावर मागे ओढून काढायची असते. तिथे शंभर किलो आणि एकशे चाळीस किलोत काय फरक आहे ते कळतं. शोरूममध्ये नुसती बसून बघू नकोस. डबल स्टँडवर लाव, काढ, दहा पावलं मागे ढकल. सेल्समन हसला तर हसू दे.

आणि स्कूटीला इतकं नाक मुरडू नकोस गं, पावसात चिखलाचे पाय आणि रेनकोट असताना पुढे पाय ठेवायला जागा असते त्याचं सुख वेगळं 😄 पण तू सांगायचं नाही म्हणालीस म्हणून गप्प.

जुना_परवानाधारक

पोरी, सगळे गाडीवर बोलतायत, मी कागदावर बोलतो. तुझं लर्निंग कुठल्या वर्गाचं आहे ते आधी बघ. "विदाउट गिअर" असेल तर त्यावर स्प्लेंडरसुद्धा चालवता येत नाही, सरावालाही नाही. गाडी घरची असली, रस्ता गावातला असला तरी तेच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, चालवणाऱ्याकडे त्या वर्गाचं लायसन होतं का.

लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्यासाठी तीस दिवस झाल्यावर अर्ज करता येतो. पांढऱ्यावर लाल एल पुढे आणि मागे दोन्हीकडे लावायचा, आणि मागे बसवायचा तर लायसन असलेला शिकवणारा माणूसच, मैत्रीण नाही. हेल्मेट आयएसआयचं, डोकं पूर्ण झाकणारं, आणि पट्टा लावलेलं. रस्त्याकडेला दोनशे-तीनशेला मिळतं ते हेल्मेट दंडापासूनही वाचवेलच असं नाही, आणि डोक्याला तर त्याचा काही उपयोग नाही.

फलटणची_पोर

काका 😬 आत्ता काढून बघितलं. मोटर सायकल विदाउट गिअर लिहिलंय. ज्यांच्याकडून भरलं त्यांना मी गिअरची म्हणून सांगितलं होतं, ते म्हणतात "मुलींचं आम्ही तेच भरतो." डोकं फिरलंय. आता परत पहिल्यापासून?

बाकी सगळ्यांना खूप थँक्यू. माणदेशी ताई, काल पप्पांची स्प्लेंडर डबल स्टँडवर लावून बघितली, पहिल्यांदा हललीच नाही, मग पप्पांनी दाखवलं की स्टँडवर पायाचा पूर्ण भार देऊन उभं राहायचं, हाताने उचलायचीच नसते. मग लागली.

एक विचारायचं राहिलं. सीझनला आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, त्या ओव्हरटेक करायला शंभर सीसी पुरेल का? मैत्रिणीचा भाऊ म्हणतो १२५ च्या खाली घेऊच नको.

जुना_परवानाधारक

पहिल्यापासून म्हणजे गिअरच्या वर्गासाठी लर्निंगचा अर्ज नव्याने, सारथी या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइनच. आधारवरून घरबसल्या होतं, स्वतः भर, वर्ग स्वतः निवड. गिअरचं पक्कं झालं की त्यावर स्कूटीपण चालते, उलटं चालत नाही. त्यामुळे "मुलींचं तेच भरतो" म्हणणाऱ्याला माझा एक नमस्कार सांग. आणि तोवर स्प्लेंडर फक्त स्टँडवर लावायची आणि काढायची.

गॅरेजवाला_बारामती

ट्रॉलीचं चांगलं विचारलं, कारण आपल्याकडं खरा प्रश्न हाच आहे.

शाइन १०० ला ताकद साधारण साडेसात पीएस, रायडरला ११ च्या पुढं. पन्नासच्या स्पीडला शंभर सीसी निवांत चालते, पण पन्नासवरून पासष्टला जायला वेळ खाते. डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर म्हणजे लांबलचक काम, वर ऊस दोन्ही बाजूला बाहेर आलेला, टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला की ड्रायव्हरला हॉर्न ऐकूच येत नाही. शंभर सीसीवर त्याला काढायचा तर समोर लांबपर्यंत रस्ता मोकळा पाहिजे आणि आधी एक गिअर खाली टाकायचा. चौथ्यातच मूठ पिळत बसला तर गाडी नुसती ओरडते. १२५ ला हे काम सोपं जातं हे खरं आहे. त्यामुळं तुमच्या रस्त्याला मी १२५ म्हणेन, पण वर्षभर तीसनं चाललेल्या ट्रॉलीमागं तीसनंच जायची तयारी असेल तर शंभर पण पुरते. पोरांना तेवढा दम निघत नाही म्हणून ती १२५ सांगतात.

खरी भीती मला ओव्हरटेकपेक्षा ब्रेकची वाटते. सीझनला रस्त्यावर पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं पडलेली असतात, वाढे म्हणजे उसाचे शेंडे असतात, शेतातनं रस्त्याला लागताना ट्रॉलीच्या चाकाचा चिखल येतो. त्यावर नुसता मागचा ब्रेक दाबून धरला की मागचं चाक लॉक होऊन गाडी गोल फिरते. आणि शिकणारे सगळे मागच्याच ब्रेकवर असतात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं पुढचा दाबला की माणूस हँडलवरनं उडतो. कोरड्या सरळ रस्त्याला थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. दोन्ही एकदम, आणि दणकन नाही, दाब वाढवत न्यायचा. पाचटावर असाल तर ब्रेक जमेल तितका कमी, आधीच स्पीड तोडायचा, हँडल सरळ.

२०१९ च्या नियमानं १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, १२५ आणि खाली सीबीएस असलं तरी चालतं. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचा पण लागतो. नवशिक्याला त्याचा फायदा आहे, पण चाक लॉक होण्यापासून तो वाचवत नाही, ते काम एबीएसचं. १२५ मध्ये एबीएसवाली पाहिजे असेल तर एक्स्ट्रीम १२५आर येते, पण ती १३६ किलोची आहे आणि तुमच्या बजेटच्या बरीच बाहेर जाईल.

रात्री मात्र कुठलीच गाडी घेऊन त्या रस्त्याला येऊ नका निदान पहिला सीझन. बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली कडेला उभी असते, दिसते तेव्हा दहा फुटावर असते.

धुरळा_३५०

बरं बाबा हरलो 😂 पण रायडर तरी घे, शाइनवर फोटो चांगले येत नाहीत.

माणदेशी_बाई

फोटोला मित्राची हंटर मागून घेईल ती, तू देशील ना?

किमतीचं एक राहिलंच. जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नकोस, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. आणि एक्स शोरूमवर जाऊ नकोस, त्यावर आरटीओ, विमा, आणि मग शोरूमवाले हळूच घालतात ती सीट कव्हर, मॅट, हँडलिंग वगैरे. कोटेशन लिहून माग आणि प्रत्येक ओळ काय आहे ते विचार. नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो त्यामुळे तो आकडा मोठा दिसतो, घाबरू नकोस. विमा त्यांच्याकडूनच घ्यायला पाहिजे असंही काही नाही.

फलटणची_पोर

शाइन आणि रायडर दोन्ही रविवारी बसून बघते, ढकलून पण 😄 पप्पा आता म्हणतायत एफझी स्वस्तात मिळतीये तर ती का नको, मालक ४० म्हणतोय. गॅरेजवाले दादा, २०१८ ची गाडी बघताना काय बघू?

गॅरेजवाला_बारामती

वजन सोडलं तर गाडी वाईट नाही, पण २०१८ ची म्हणजे तिला एबीएस नसणार हे धरून चला, एफझीला ते २०१९ च्या मॉडेलपासून आलं.

जायच्या आधी मालकाला सांगू नका किती वाजता येणार. इंजिन थंड असताना स्टार्ट करायची असते. हात लावून बघा, गरम लागलं म्हणजे त्यानं आधीच चालू करून ठेवलीय. सुरू केल्यावर सायलेन्सरमधनं निळसर धूर आणि तो थांबतच नसेल तर ऑइल जळतंय, हेडचं नाहीतर पिस्टनचं काम निघणार, मग ४० ची गाडी ५० ला पडली. डबल स्टँडवर लावून कुणाला तरी मागं बसवा म्हणजे पुढचं चाक उचलेल, मग हँडल हळू डावी-उजवीकडं फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर बोट फिरवा, ऑइल लागलं तर सील गेलंय. हँडल सरळ धरून गाडी सरळ जाते का ते मोकळ्या रस्त्याला बघा, एका बाजूला ओढत असेल तर कुठंतरी आपटलीय.

कागदात चेसी नंबर आरसीशी जुळवून बघा, ऑनलाइन चलनं किती पडलीत ते बघा, नाहीतर भरायची तुम्ही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ पाहिजे. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्या समोर. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी आहे म्हणजे नवीन नंबर प्लेट, ती एचएसआरपी, बसवलीय का तेही विचारा. विमा चालू असेल तर चौदा दिवसात तुमच्या नावावर करायला टाका.

आणि टोकन आधी देऊ नका. मालकाला म्हणा गाडी एकदा आमच्या ओळखीच्या गॅरेजला दाखवू, कुठलंही गॅरेज चालेल, माझ्याकडंच पाहिजे असं नाही. हो म्हणाला तर पुढं बोला. नाही म्हणाला तर शोरूमचा रस्ता धरा.