मदत हवी आहे: लॅटिन 'क्रेदो'ला चतुर्थी की द्वितीया?

नमस्कार मंडळी. मी वसईची. माझी आजी लॅटिन मिसाच्या, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना लॅटिनमध्ये व्हायची त्या काळातली. शाळा फार झाली नव्हती, पण 'क्रेदो इन उनुम देउम' (मी एका देवावर विश्वास ठेवते) ही श्रद्धेची प्रार्थना सुरू झाली की शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात त्या पानाचा कोपरा बोट लागून लागून काळा पडलाय. ती गेल्यावर पुस्तक माझ्याकडे आलं. ती काय म्हणत होती ते शब्दाशब्दाने कळावं, म्हणून लॅटिन शिकायला घेतलं.

अडलंय ते असं. व्याकरण सांगतं, क्रेदो म्हणजे मी विश्वास ठेवते, आणि ज्याच्यावर ठेवायचा त्याची चतुर्थी. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्यात लाओकोऑन हा पुजारी ट्रॉयच्या लोकांना लाकडी घोड्याबद्दल बजावतो, 'एक्वो ने क्रेदिते', या घोड्यावर विश्वास ठेवू नका. 'एक्वो' हे रूप पंचमीचंही असतं, त्यामुळे दोन दिवस त्यातच गेले, पण इथे ती चतुर्थीच. मग आजीच्या प्रार्थनेत नुसतं 'देओ' का नाही? 'इन' कशाला, आणि त्यापुढे 'देउम' ही द्वितीया का? 'इन' म्हणजे 'मध्ये' असेल तर पंचमी (लॅटिनमध्ये सप्तमीचं कामही तीच करते) हवी ना?

कृपया कोणीतरी समजावून सांगा.

प्रतिसाद

ताई, उत्तर त्याच प्रार्थनेत आहे. पुढे 'आशेन्दित इन चेलुम' येतं ना, तो स्वर्गात चढला? तिथेही 'इन' आणि द्वितीया. एका जागी असणं असेल तर पंचमी, कुठेतरी जाणं असेल तर द्वितीया. ख्रिस्ती लॅटिनमध्ये ही रचना नव्या कराराच्या ग्रीकमधून आली. संत ऑगस्टिन तर फरकच करतो: 'क्रेदेरे देओ' म्हणजे देव सांगतो ते खरं मानणं, 'क्रेदेरे इन देउम' म्हणजे श्रद्धेने त्याच्याकडे जाणं.

आणि जुनी चतुर्थी आपल्याला परकी नाही. क्रेदो आणि श्रद्धा मुळात एकच शब्द. ऋग्वेदात इंद्राच्या सूक्तात (२.१२) 'श्रदस्मै धत्त' आहे, त्यातलं 'अस्मै' चतुर्थीच.

धागाकर्ती

खूप खूप आभार! आत्ता पुस्तक उघडून पुन्हा वाचलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिघांच्या आधी 'इन' आहे. पण चर्चपाशी आल्यावर नुसतं 'एत उनाम सांक्ताम' (आणि एका पवित्र...), तिथे 'इन' नाही. द्वितीया मात्र तीच. श्रद्धेने जायचं ते फक्त देवाकडे, म्हणून तिथे 'इन' गाळलं असेल का?