सेकंडहँड इनोव्हात मागे दोन स्क्रीन आहेत, मोबाईल जोडायचा कसा??

मागचीसीट
मंडळी मदत करा. गेल्या महिन्यात सेकंडहँड इनोव्हा घेतली, आधीच्या मालकाने बाहेरून मागच्या दोन्ही हेडरेस्टला स्क्रीन बसवून घेतलेत, रिमोट हरवलाय आणि पुस्तिका वगैरे तर विसराच. एका स्क्रीनच्या बाजूला एचडीएमआय आणि यूएसबी आहे, दुसऱ्याला नुसतं गोल एव्ही (चित्र-आवाजाचं जुन्या पद्धतीचं भोक). पुढच्या शुक्रवारी सावंतवाडीला निघायचंय, दोन पोरं आणि आई मागे. माझ्या अँड्रॉइडला (पंधरा हजारवाला) टाइप सी टू एचडीएमआय केबल लावली, साडेचारशे गेले, स्क्रीनवर "नो सिग्नल". बायकोचा आयफोन ११, त्याला ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला अडॅप्टर लावला तर यूट्यूब मस्त दिसतं पण नेटफ्लिक्स लावलं की आवाज येतो आणि चित्र काळं. स्क्रीन खराब आहेत का माझं नशीब?

तारजोड
स्क्रीन ठणठणीत आहेत, यूट्यूब दिसलं ना मग झालं. तुमच्या अँड्रॉइडचं सांगतो, टाइप सी हा नुसता भोकाचा आकार आहे हो, आतून चित्र बाहेर पाठवायची सोय (डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात) असेलच असं नाही, आणि स्वस्त फोनचा पोर्ट बहुतेक यूएसबी २.० असतो, त्यातून चार्जिंग आणि फाइली एवढंच जातं. कुठलीही केबल आणा, तिथे काही होणार नाही. सॅमसंगच्या एस सिरीजला चालतं, आयफोन १५ पासून टाइप सी आलं त्यातही चालतं. दुकानदार हे सांगत नाहीत, केबल परत घेतली तर देऊन टाका.

आयफोनचं काळं चित्र म्हणजे एचडीसीपी. पिक्चरवाल्या अॅप्सना अडॅप्टरपासून स्क्रीनपर्यंत सगळीकडे कॉपी संरक्षण लागतं, स्वस्त अडॅप्टर नुसता फोनचा आरसा दाखवतो त्यामुळे अॅप चित्र बंद करतं. अॅपलचा स्वतःचा लाइटनिंग डिजिटल एव्ही अडॅप्टर कुणाकडून तरी मागून आणा, विकत घेऊ नका एका ट्रिपसाठी, महाग आहे. त्याला चार्जिंगचंही भोक असतं, ते लावून ठेवा नाहीतर साताऱ्यापर्यंत फोन झोपेल.

बोरिवलीकर
आमच्या वेळी अंताक्षरी होती 😄

जर्सीतला_पुणेकर
आमच्याकडे मिनीव्हॅनला कंपनीचीच मागे स्क्रीन आहे एचडीएमआय सकट, मी फायर स्टिक (एचडीएमआयला लावायची, नेटवरून पिक्चर दाखवणारी काडी) लावून ठेवलीय आणि फोनचा हॉटस्पॉट. एक गोष्ट शिकलो, स्टिकला गाडीच्या यूएसबीवरून करंट देऊ नका, तो बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतो आणि स्टिक दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट होते, पोरांची रडारड वेगळी. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधे चांगला चार्जर लावा. पण तुमच्या रूटवर नेट सगळीकडे मिळेल का?

तारजोड
@जर्सीतला_पुणेकर आंबोली घाटात विसरा. म्हणूनच म्हणतो, डाउनलोड करून घ्या किंवा सरळ पेनड्राइव्ह. यूएसबी आहे ना स्क्रीनला? फॅट३२ मधे फॉरमॅट करा (एक फाइल ४ जीबीच्या आत हवी), फाइल एमपी४ आणि तिचा कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) एच.२६४. एच.२६५ घातलंत तर अशा जुन्या स्क्रीनवर बहुतेक आवाजच येईल. आणि नेटफ्लिक्सचं डाउनलोड पेनड्राइव्हवर कॉपी करायला जाऊ नका, ते अॅपच्या बाहेर उघडतच नाही. पोरांच्या वाढदिवसाचे व्हिडिओ टाका, तासभर तरी तेच बघतील.

मागचीसीट
सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. मेव्हणीकडून ओरिजिनल अडॅप्टर आणला आणि नेटफ्लिक्स पहिल्या फटक्यात लागलं!! दुसरा स्क्रीन पहिल्याच्याच एव्ही आउटवरून चालतो म्हणे, ती वायर सीटखाली लोंबत होती, जोडली, दोन्हीकडे एकच चित्र. एक गंमत झाली, चित्र मागे आणि आवाज पुढे! अर्धा तास केबल उपसत बसलो तेव्हा कळलं की बायकोचा फोन ब्लूटूथने पुढच्या स्टिरिओला पण जोडलेला होता आणि आवाज तिकडे पळत होता. ब्लूटूथ तोडला, झालं. आजराच्या पुढे मात्र धाकटीला स्क्रीनकडे बघून गाडी लागली आणि सगळं बंद करावं लागलं. @बोरिवलीकर शेवटचा दीड तास अंताक्षरीच झाली, आई जिंकली.

बोरिवलीकर
सांगितलं होतं 😎