प्रदर्शन मांडायच्या आधी पब्लिकला विचारायचं? मग तलवार, सेल्फी पॉइंट आणि कॅन्टीनच मांडा

अडकित्ता_सदाशिव:
काल इथं एकानं ठणकावून लिहिलं की म्युझियमचं कुठलंही प्रदर्शन मांडायच्या आधी येणाऱ्यांच्या अपेक्षा काय ते जाऊन विचारलंच पाहिजे, नाहीतर सगळा खर्च पाण्यात. वाचल्यापासून डोक्यात गेलंय. पुण्याचं केळकर म्युझियम उभं करणाऱ्या दिनकर केळकरांनी कुणाला विचारलं होतं हो? चष्म्याचं दुकान, अज्ञातवासी नावानं कविता, आणि उरलेला जन्म दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, दौती गोळा करण्यात. तेव्हा सर्व्हे घेतला असता तर लोक म्हणाले असते, मोडीत घाला ते पितळ. कोथरूडचा मस्तानी महाल सोडवून आणून आत उभा केला तो काय फॉर्म भरून घेऊन? गेलेल्या लेकाच्या नावानं उभं केलेलं म्युझियम आहे ते. त्याला ध्यास लागतो, प्रश्नावली नाही.

खुंटीवरचा_कोट:
काल लिहिणारा मीच. "काय बघायला आवडेल" असं मी कुठंही लिहिलं नव्हतं, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. लोक मनात काय धरून येतात ते आधी विचारा, एवढंच म्हणणं. मी हेच काम करतो. एका छोट्या संग्रहालयात पानसुपारीचं सामान मांडायचं होतं, तर आधी अडकित्त्याचा फोटो घेऊन सातवीच्या वर्गात गेलो, म्हणलं हे काय? नेलकटर, पक्कड, एक मुलगी म्हणाली नवरा-नवरी, कारण त्यावर खरंच जोडपं घडवलेलं होतं. सुपारीचं नाव एकानंही काढलं नाही. संध्याकाळी तोच फोटो देवळात भजनाला जमलेल्या बायकांना दाखवला, तर एक आजी म्हणाल्या सासूबाई रागावल्या की काही बोलायच्या नाहीत, नुसता अडकित्ता वाजवायच्या, कट्ट झालं की आम्ही सुना गप्प. आता "अडकित्ता, पितळ, 19वे शतक" एवढी पाटी लावून यातलं काय पोचलं असतं सांगा. आम्ही शेजारी एक अर्धी कातरलेली सुपारी ठेवली आणि आजींचं ते वाक्य लिहिलं, बास. आणि केळकरांकडे वीस हजारांच्या वर वस्तू, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. गोळा ध्यासानं होतं हो, पण त्यातलं बाहेर काय काढायचं हे कधीतरी ठरवावंच लागतं ना?

भायखळा_मावशी:
सर्व्हे राहूदे, आधी पाट्यांचं मराठी सुधारा!! भाचीला घेऊन एका ठिकाणी गेले (नाव घेत नाही), पाटी काय तर "मृण्मय पात्र, उत्खनित". भाची विचारते मावशी, मृण्मय कोण? मडकं म्हणा की. आणि पाटी गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाकलं की काचेत आपलंच तोंड दिसतं, अक्षर नाही.

मोडीवाला:
मडकं हा एक आकार झाला. थाळी, वाडगा, रांजण सगळंच मृण्मय पात्र असू शकतं. आपल्याला शब्द येत नाही म्हणून शब्द चुकीचा ठरत नाही मावशी.

भायखळा_मावशी:
मग मातीचं भांडं म्हणा! का त्याला पण पीएचडी लागते

मोडीवाला:
त्यातून भाजलेलं की कच्चं ते कळत नाही.

खुंटीवरचा_कोट:
आणि मृण्मयमधून कळतं? मृण्मय म्हणजे पण मातीचंच की.

मोडीवाला:
बरं, तेवढ्यापुरतं बरोबर. पण असंच चालू राहिलं तर उद्या ताम्रपटाला तांब्याचा पत्रा म्हणाल.

गाडगंमडकं:
आमच्याकडे त्याला गाडगं म्हणतात. मडकं वेगळं, गाडगं वेगळं, डेरा वेगळा. तीस वर्षं कुंभारवाड्याशेजारी राहिलोय, शहरातल्या लोकांनी शिकवू नये.

कृष्णाकाठ:
धाग्याचा विषय काय, चाललंय काय. अपेक्षांचं म्हणाल तर वाघनखं आठवा. जुलै 2024 ला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या उसन्या बोलीवर. आता येणाऱ्या प्रत्येकाची अपेक्षा एकच, की अफझलखानाचं पोट फाडलं ती हीच. आणि लंडनवालेच म्हणतात हीच ती याची खात्री देता येत नाही. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. वडील हात जोडून उभे राहिले, मागची रांग थांबली. त्यांना तिथं पुराव्याचं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग अपेक्षेप्रमाणे मांडायचं की खरं मांडायचं?

अडकित्ता_सदाशिव:
हेच मी कोकलून सांगतोय! लोकांना विचारलंत की इतिहास मतदानावर जाईल.

खुंटीवरचा_कोट:
उलट आहे. लोक काय धरून येणार हे आधी माहीत असेल तरच "खात्री नाही" हे कुठं आणि कसं सांगायचं ते ठरवता येतं. नाहीतर ते कोपऱ्यातल्या पाटीवर बारीक अक्षरात जातं आणि सगळे खूष. शिवाय परदेशातलं उचलून चालत नाही. आर्थर मेल्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1930च्या दशकात अमेरिकेत बघितलं की दालनात शिरल्यावर बहुतेक लोक उजवीकडे वळतात. आम्ही त्या हिशोबानं उजवीकडून गोष्ट सुरू केली आणि आमच्या आज्या सगळ्या डावीकडे! प्रदक्षिणेची सवय. शेवटचा बोर्ड पहिला वाचून बाहेर, आणि एकीनं गणपतीपुढे दहाची नोट पण ठेवली.

अडकित्ता_सदाशिव:
म्हणजे आधी विचारूनही तुमचं चुकलंच की. हाहा.

खुंटीवरचा_कोट:
त्या वेळी विचारलं नव्हतं म्हणून चुकलं. नीट वाचत जा हो जरा, कविता नाहीये ही.

अडकित्ता_सदाशिव:
आवाज खाली. अर्धी सुपारी चांगली आहे, तेवढं देतो तुम्हाला. ती सुचायला सर्व्हे लागला याचंच वाईट वाटतं, आमच्या घरात कुणालाही सुचली असती.

भायखळा_मावशी:
तुमच्या घरात सातवीतलं कोण आहे? आणि कोट, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा बसायला बाक हवेत का तेही विचारा, माझं उत्तर आत्ताच लिहून घ्या.

गाडगंमडकं:
डेऱ्याचं तोंड रुंद असतं. कुणी उत्तर दिलं नाही अजून.